मोहम्मद अली रोडचं अत्तराचं दुकान, तरुण पोरांनी तर नक्की जा

मिनारा मशिदीजवळच्या गल्लीत आहे, एवढंसं दुकान, आत तिघं उभे राहिले की चौथा बाहेर. रमजानात संध्याकाळी जाऊ नका, चाचांना मान वर करायला फुरसत नसते.

आमच्या मुंब्र्याची पोरं हल्ली इथे येऊन दुबईचे स्प्रेच मागतात, बहुतेक क्रीड अव्हेंटस या महागड्या परफ्यूमच्या धर्तीवरचे, आधी अननस आणि मागून धुरकट वास. मूळ फ्रेंच बाटली २०,००० च्या वर जाते, दुबईवाली दोन-तीन हजारात मिळते, मग काय, रील उघडून मोबाईल पुढे धरायचा, चाचा हाच द्या. घरची मोठी माणसं म्हणतात पोरं एक तर अरब व्हायला निघालीत नाहीतर गोरी. मला हे अजिबात पटत नाही. आमच्या कोकणी घरांत कोणाचे अब्बा कुवेतला, कोणाचा मामू दुबईला, सुट्टीवर आले की बॅग उघडल्या उघडल्या ऊदचा, म्हणजे अगरूच्या लाकडाच्या अत्तराचा, वास घरभर, त्यातच ही पोरं वाढली, मग तो वास त्यांना परका कसा?

आणि गंमत ऊदचीच बघा. चाचांनी काचेच्या काडीने मनगटावर टिपूसभर लावलं आणि म्हणाले आत्ता नको, दहा मिनिटांनी हुंगा. आधी चक्क गोठ्याचा वास येतो, मग चामड्याचा, मग हळूहळू मधासारखा गोडवा, आणि रात्री हात धुतल्यावरही होता. हे ऊद आसामचं. तिकडच्या होजाईच्या हाजी अजमल अलींनी १९५१ मध्ये मुंबईत अत्तराचा धंदा सुरू केला, आज त्यांचा अजमल ब्रँड दुबईच्या मॉलमध्ये आहे. पोरं ज्याला अरबी म्हणून घेतात ते आसामातून आपल्या मुंबईमार्गे तिकडे गेलंय, हे त्यांना कोणी सांगतच नाही, चाचा सांगतात, म्हणून मला हे दुकान आवडतं.

माझ्या बाजूला एक कॉलेजचा पोरगा होता, स्प्रेमध्ये अल्कोहोल असतं म्हणून जुम्म्याच्या नमाजसाठी कन्नौजचं हिना अत्तर आणि मित्रांत जायला स्प्रे, दोन्ही घेतलं त्याने. चाचांनी त्याला एका शब्दाने टोकलं नाही, उलट हिना थंडीत लाव, उन्हाळ्यात खस घे असं नीट समजावलं.

अस्सल ऊद महाग आहे, स्वस्तातलं मागितलं तर हे अस्सल नाही असं ते स्वतःच सांगतात. ३ मिलीची कुपी घेऊन आधी वापरून बघा. युपीआय चालतं, शुक्रवारी दुपारी नमाजच्या वेळेला बंद असतं.