ड्रोनने लस पाठवताना: पीडीसीए की डीमॅक?

किनवटच्या डोंगराळ भागातल्या आरोग्य केंद्रांना ड्रोनने लस पाठवायची, तर सेवा सुधारायला दोन पद्धती समोर येतात. अमेरिकी गुणवत्ता-तज्ज्ञ डेमिंग यांनी लोकप्रिय केलेली पीडीसीए, म्हणजे आखा, करा, तपासा, बदला. दुसरी, कामातल्या चुका कमी करण्याच्या सिक्स सिग्मा या पद्धतीतली डीमॅक: समस्या ठरवा, मोजा, कारण शोधा, सुधारा, ताबा ठेवा. सिक्स सिग्माचं लक्ष्य चूक होऊ शकेल अशा दहा लाख संधींमागे ३.४ चुकांचं.

सुरुवातीला पीडीसीएच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. उड्डाणं मोजकी असताना डीमॅकच्या आकडेमोडीला आधारच मिळत नाही. मे महिन्याच्या उन्हात खोक्यातलं तापमान २ ते ८ अंशांत राहत नसेल, तर उड्डाण पहाटे घेऊन पाहा. बर्फ वाढवला तर वजन वाढतं, बॅटरी लवकर उतरते, शिवाय काही लसी गोठल्या की वायाच जातात. म्हणून एका वेळी एकच बदल. आणि तपासताना केंद्रातल्या सिस्टरना जरूर विचारा; उतरलेला खोका उन्हात किती वेळ पडून होता, हे ड्रोनच्या नोंदीत सापडत नाही.

फेऱ्या रोजच्या झाल्या, नोंदी साठल्या आणि तरी उशिराचं कारण हाती लागेना, की डीमॅक घ्या. वारा, बॅटरीचं वय की माल भरण्यातली दिरंगाई, हे तिथे आकड्यांवरून वेगळं काढता येतं.