सीपीआरचा वर्ग: हात भरून आले, बाळाचा पुतळा मात्र एकच

मी घरी पाळणाघर चालवते, 14 मुलं. म्हणून जाऊबाईंना घेऊन रविवारच्या चार तासांच्या सीपीआर वर्गाला गेले. सीपीआर म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन त्याला वाचवायचा प्रयत्न. शिकवणारे दादा रुग्णवाहिकेवर काम केलेले. भाषण कमी, हात जास्त. मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला 100 ते 120 वेळा. ऐकायला सोपं. दुसऱ्याच मिनिटाला माझे दंड भरून आले आणि सरावाच्या पुतळ्यावरचा, दाब बरोबर असल्याचं सांगणारा हिरवा दिवा लाल झाला! दर दोन मिनिटांनी दाबणारा माणूस का बदलायचा, ते तिथेच कळलं. 30 दाब, 2 श्वास. फोन स्पीकरवर, 108 ला. मुलांना श्वास द्यायचा टाळू नका, असं त्यांनी बजावलं, कारण मुलांचं हृदय बहुतेकदा श्वास अडल्यामुळेच थांबतं. हे माझ्या कामाचं.

तक्रार मोठी आहे. 22 जणांत तान्ह्या बाळाचा पुतळा एकच! माझ्या वाट्याला जेमतेम तीन मिनिटं, तीही चहाच्या वेळेत. घशात शेंगदाणा अडकला तर काय करायचं, हे तर घाईघाईत उरकलं. पैसे वसूल झाले, पण बाळांसाठी वेगळा वर्ग ठेवा; जाऊबाईंसकट परत येईन.