कॅसिओच्या बटणातला ठेका: वेन स्मिथची ‘स्लेंग टेंग’ पुन्हा रेकॉर्डवर

बावीस वर्षं मी बेंजो पार्टीत कॅसिओ वाजवतोय. बाजा कुठल्याही कंपनीचा असो, आमच्याकडे त्याला कॅसिओच म्हणतात. सुपारी घ्यायला आलेला माणूस सुद्धा "कॅसिओवाला कोण?" असंच विचारतो. म्हणून लंडनला असलेला माझा भाचा दिवाळीला घरी आला आणि पिशवीतून ‘स्लेंग टेंग’ची ही नव्याने निघालेली रेकॉर्ड काढत म्हणाला, "मामा, यातला ठेका खरोखरच्या कॅसिओचा आहे," तेव्हा चहा तसाच ठेवून मी टर्नटेबलवरचा कपडा काढला.

वेन स्मिथ हा जमैकातल्या किंग्स्टनचा गायक, वॉटरहाउस वस्तीतला. ‘अंडर मी स्लेंग टेंग’ हे त्याचं गाणं 1985 सालचं. त्याच्या ओळखीच्या नोएल डेव्हीकडे कॅसिओचा एमटी-40 नावाचा छोटा बाजा होता. 37 बारीक पट्ट्या, आणि डाव्या हाताला बेससाठी 15 छोट्या पट्ट्या वेगळ्या. त्यात ‘रॉक’ नावाचा तयार ठेका भरलेला होता, बेससकट. हा ठेका बसवला होता हिरोको ओकुदा यांनी. कॉलेजात रेगेवर, म्हणजे जमैकाच्या संगीतावर, प्रबंध लिहून त्या 1980 साली कॅसिओत रुजू झाल्या, आणि हाच त्यांचा पहिला बाजा. जपानमधल्या मुलीने रेगेच्या ओढीने बसवलेला ठेका रेगेच्याच गावी जाऊन पोचला! हे ऐकल्यापासून मला ती बाई घरातलीच वाटायला लागली आहे.

पण माझ्या मते खरी करामत हे गाणं रेकॉर्ड करणाऱ्या निर्मात्याची, किंग जॅमीची. भाच्याने मोबाईलवर मला त्या बटणाचा मूळ ठेका ऐकवला. तो पळतो. घाईत असलेल्या माणसासारखा पळतो. जॅमीने तो खाली आणला, संथ केला, वर थोडे तुकडे टाकले, आणि तोच बेस अंगावर चालून यायला लागला. ज्याने मिरवणुकीत वाजवलंय त्याला हे सांगावं लागत नाही. लय दोन काटे खाली घेतली की मागच्या रांगेतल्या बायासुद्धा नाचायला लागतात. दोन काटे वर नेली की फक्त पोरं उरतात. लय कुठे ठेवायची हे ज्याला कळतं तो अर्धा कार्यक्रम जिंकून येतो. जॅमी पूर्णच जिंकला. 23 फेब्रुवारी 1985 ला ब्लॅक स्कॉर्पियो या साउंड सिस्टीमशी त्याचा सामना होता. साउंड सिस्टीम म्हणजे आपल्या डॉल्बीसारख्या स्पीकरच्या भिंती, रस्त्यावर समोरासमोर लावलेल्या. तिथे हा ठेका वाजला आणि तिथून पुढे किंग्स्टनमध्ये खऱ्या बेस-ड्रमवाल्यांचं काम कमी होत गेलं. याचं मला वाईटही वाटतं. आमच्यातही ऑक्टोपॅड आला तेव्हा दोन चांगले ढोलवाले घरी बसले होते.

आता रेकॉर्डबद्दल. पहिली बाजू लावली आणि सवयीने स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवला. बेस बोटांत नाही, मनगटात लागला. कपाटातला स्टीलचा पेला पेल्याला लागून किणकिणायला लागला, तो उठून वेगळा ठेवावा लागला. हेच गाणं मोबाईलवर ऐकलं तेव्हा वर नुसती टाळी आणि गळा, खाली काही नाही. या नव्या प्रतीत बेस भरपूर आहे, तरी फाटत नाही. आवाज वाढवला तरी वेनचा गळा वर स्वच्छ राहतो. गाण्यात तो गांजाचं कौतुक करतो आणि कोकेनला साफ नाही म्हणतो. गातो मात्र किती हलकं! जोर लावत नाही, ठेक्यावर नुसता बसून राहतो.

‘इकी ऑल ओव्हर’ मला आवडलं, ‘वॉक लाइक ग्रॅनी’ त्याहून जास्त. बाकीची गाणी मुख्य गाण्याच्या उंचीला जात नाहीत, आणि यंत्राची तीच तीच टाळी दुसऱ्या बाजूला कानाला लागते. सलग ऐकू नका. एक बाजू सकाळी, एक संध्याकाळी.

माझ्या प्रतीत दोन खोड्या निघाल्या. आतलं पाकीट साध्या कागदाचं, त्याचे तंतू रेकॉर्डला चिकटलेले. दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला त्यामुळे करकर येत होती. मऊ ब्रशने झाडली, प्लास्टिकच्या पाकिटात घातली, बरीच कमी झाली. दुसरं म्हणजे आत माहितीचं एखादं पान हवं होतं. डेव्ही आणि ओकुदाबाई, ही नावं रेकॉर्ड घेणाऱ्याच्या हातात पडायलाच हवीत.

जमैकात एका ठेक्याला रिडिम म्हणतात आणि त्यावर कितीही गायक गातात. या एका रिडिमवर शेकडो गाणी झाली. टेनर सॉचं ‘पम्पकिन बेली’ आणि जॉनी ऑसबोर्नचं ‘बडी बाय’ त्यातलीच. आपल्या भजनी मंडळात एका चालीवर पाच अभंग म्हणतातच की. भाच्याला मी तेच म्हटलं, तर त्याने लगेच दोन्ही गाणी लावली. तिसऱ्या वेळेला मी बाजा काढून बसलो आणि तो बेस डाव्या हाताने शोधायला लागलो. वेन स्मिथ 2014 साली गेला, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. बेस सापडायला मला अर्धा तास लागला. येत्या गणपतीत आगमनाला तो वाजवणार आहे, जॅमीच्या लयीत.