युद्धाची सही कोणाची: सरकारची की संसदेची?

देशाचं संरक्षण हे सरकारचं काम, यावर फारसं दुमत नाही. सरकारचा पसारा कमीत कमी असावा म्हणणारेही बहुतेक वेळा सैन्य सरकारकडेच ठेवतात. सीमेवर हल्ला झाला तर आधी चर्चा करा, असंही कोणी म्हणत नाही. वाद आहे तो वेगळाच: आपल्यावर हल्ला झालेला नसताना दूर कुठेतरी फौज पाठवायची, तर हो कोणी म्हणायचं?

मोकळा हात मागणाऱ्यांचं म्हणणं सरळ आहे. गुप्त माहिती सरकारकडे असते, वेळ थोडा असतो, आणि सभागृहात भाषणं सुरू झाली की समोरचा सावध होतो. ब्रिटनमध्ये कायद्याने हा अधिकार आजही सरकारचाच. २००३ मध्ये इराकसाठी संसदेत मतदान झालं आणि तसा पायंडा पडतोय असं वाटू लागलं. २०१३ मध्ये सीरियावरच्या कारवाईचा प्रस्ताव २८५ विरुद्ध २७२ मतांनी पडला आणि पंतप्रधान कॅमेरून यांनी माघार घेतली. पण २०१८ मध्ये थेरेसा मे यांनी संसदेला न विचारताच सीरियावर हवाई हल्ले केले. पायंडा सोयीचा असेल तेव्हाच पाळला जातो, तो असा.

मग संसदेची परवानगी सक्तीची केली की प्रश्न मिटला? इथे अमेरिकेकडे नीट बघावं. तिथे युद्ध पुकारण्याचा अधिकार राज्यघटनेनेच काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, दिलाय. तरी औपचारिक घोषणा शेवटची झाली ती १९४२ मध्ये. व्हिएतनामसाठी १९६४ मध्ये अध्यक्षांना लष्करी बळ वापरायची मुभा देणारा टोंकिन आखाताचा ठराव आला. प्रतिनिधीगृहात विरोधात एकही मत नाही, सिनेटमध्ये फक्त दोन. ना मुदत, ना सैनिकांची मर्यादा. कोऱ्या कागदावर सही केल्यासारखंच. पोळल्यावर १९७३ मध्ये कायदा केला: अध्यक्षांनी ४८ तासांत कळवायचं आणि मंजुरी मिळाली नाही तर ६० दिवसांत कारवाई थांबवायची. २०११ मध्ये लिबियात साठ दिवस उलटले, हल्ले चालूच राहिले. ओबामा प्रशासनाचा युक्तिवाद असा, की जमिनीवर आपले सैनिक नाहीत, समोरून खरा गोळीबार नाही, म्हणजे कायद्याला अभिप्रेत असलेली लढाई ही नव्हेच! बॉम्ब मात्र खरे होते.

जर्मनीची पद्धत मला जास्त पटते. १९९४ च्या तिथल्या घटना न्यायालयाच्या निकालानंतर सशस्त्र मोहिमेला संसदेची मंजुरी लागते. २००५ च्या कायद्यानुसार सरकारच्या प्रस्तावात कुठे जायचं, जास्तीत जास्त किती सैनिक, किती काळ आणि अंदाजे खर्च किती हे लिहावं लागतं. मुदत संपली की पुन्हा संसदेपुढे यायचं. तातडी असेल तर आधी पाऊल उचलून मंजुरी नंतर घेता येते, त्यामुळे 'वेळ नसतो' हा मुद्दाही बराचसा निकाली निघतो.

फुकट काहीच मिळत नाही. मित्रदेशांना अशा जोडीदाराचा भरवसा कमी वाटतो, कारण आज दिलेला शब्द उद्या मतदानात अडकू शकतो. शिवाय सरकारकडे भक्कम बहुमत असेल तर मंजुरी हा उपचारच उरतो. ज्या देशांच्या सुरक्षेची सगळी भिस्त मित्रदेशांबरोबरच्या लष्करी युतीवर आहे, त्यांना मोकळा हात परवडतो, हे मी मान्य करतो. बाकीच्यांनी मतदान सक्तीचं आहे का एवढंच विचारून थांबू नये. मंजुरीच्या कागदावर तारीख आणि आकडा आहे का, हे बघावं.