रुळावरची खुर्ची की जिना चढणारी?

अर्धांगवायूनंतर आईला वर-खाली कसं न्यायचं, हा वाशीतल्या एका मित्राचा पेच. जिन्याच्या रुळावर सरकणारी खुर्ची बसवावी, की मागून माणूस धरून पायरी-पायरीने चालवतो ती जिना चढणारी खुर्ची घ्यावी?

रुळाच्या खर्चाचा सगळा खेळ जिन्याच्या वळणावर. सरळ रूळ बराच स्वस्त. वळणाचा मात्र त्याच जिन्याचं माप घेऊन घडवावा लागतो, म्हणून कितीतरी महाग, आणि घर बदललं की जवळपास भंगार. जाहिरातीतले हसरे आजोबा अनेकदा सरळ जिन्यावर असतात. इकडचे जिने बहुधा लँडिंगवर वळतात. रूळ पायऱ्यांवर बसतो, भिंतीवर भार नाही. दोन्ही खुर्च्या बहुधा बॅटरीवर, त्यामुळे वीज गेली तरी काही खेपा अडत नाही.

श्रम? रुळावर आई एकटी बटण दाबून जाईल, पण खुर्चीत नीट बसता-उठता आलं पाहिजे. जिना चढणारीला दर खेपेला शिकलेला माणूस हवा. दुपारी घरी कुणी नसेल तर आई वरच.

स्वतःचं रो-हाऊस, सरळ जिना असेल तर रूळच. सिडकोच्या लिफ्ट नसलेल्या इमारतीत जिना सामायिक, सोसायटीची परवानगी आलीच. तिथे किंवा भाड्याच्या घरात चढणारी बरी. फक्त ती लँडिंगवर वळते का, हे पैसे देण्याआधी तुमच्याच जिन्यावर करून दाखवायला लावा.