सहाव्या मजल्यावरची खिडकी, डॅलस
१९६३ मध्ये डॅलसमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. ती एकट्या ऑस्वाल्डने केली, हा सरकारी चौकशीचा, म्हणजे वॉरन आयोगाचा, अहवाल बाबांना कधीच पटला नाही. केनेडी आणि त्यांच्याच गाडीतले टेक्ससचे गव्हर्नर कॉनली, दोघांना एकच गोळी कशी लागेल? म्हणून ते नागपूरहून आल्यावर त्यांना आधी, आयोगाच्या मते जिथून गोळ्या झाडल्या त्या मजल्यावरच्या या संग्रहालयात नेलं. ऑस्वाल्डचा खोक्यांआडचा कोपरा काचेमागे जपलाय. शेजारच्या खिडकीतून बाबा खालच्या एल्म स्ट्रीटकडे, जिथे केनेडींना गोळ्या लागल्या तिकडे, बराच वेळ पाहत राहिले. "अंतर फार नाही गं," एवढंच म्हणाले. शंकाही इथे दडवलेल्या नाहीत, हे मला फार आवडलं. १९७९ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने दुसरा बंदूकधारी असण्याची दाट शक्यता मानली. १९८२ मध्ये शास्त्रज्ञांनी समितीचा ध्वनिपुरावा (पोलिस रेडिओच्या ध्वनिमुद्रणावर आधारलेला) खोडला. संग्रहालयासाठी दोन तास तरी ठेवा. बाबा मात्र अजूनही, दुसरा बंदूकधारी जिथे होता असं म्हणतात, त्या रस्त्याकडेच्या गवताळ टेकाडावरच अडलेत.