‘58 चा बोअर’ म्हणून विकलेलं 102 सीसीचं इंजिन

यामाहाच्या टू-स्ट्रोक आरएक्स 100 साठी तयार ड्रॅग इंजिन (सरळ रेषेतल्या शर्यतीचं) शोधणाऱ्या सोलापूरच्या पोरांनी पैसे काढण्याआधी हे वाचावं. सौदा असा झाला: 58 चा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), फुल पोर्टिंग (सिलिंडरमधली गॅसची भोकं, म्हणजे पोर्ट, घासून मोठी केलेली), 20 हॉर्सपॉवर, नुसतं बसवायचं आणि पळवायचं. पैसे रोख, पावती नाही. हेडच्या (सिलिंडरच्या वरच्या झाकणाच्या) नटांवर लाल रंगाचे ठिपके मारलेले, आणि ठिपका तुटला की आमची जबाबदारी संपली, ही अट. ट्रायल मे महिन्यात, भर उन्हात. डिसेंबरातल्या एका सकाळी फुल थ्रॉटलवर इंजिन जाम झालं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत हेड उतरवलं तेव्हा एकेक गोष्ट बाहेर आली.

व्हर्निअर लावल्यावर बोअर निघाला 51 मिमी. आरएक्स 100 चा मूळ बोअर 50, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) 50, म्हणजे 98 सीसी. 51 हा झिजलेला सिलिंडर मोठा करायचा शेवटचा साइझ (ओव्हरसाइझ), त्याचे होतात 102 सीसी. 58 चा बोअर असतो आरएक्स 135 ला, 132 सीसी. म्हणजे ‘ड्रॅग इंजिन’ म्हणून झिजलेला ब्लॉक शेवटच्या साइझला बोअर करून विकला होता. यापुढे त्याला नवा लाइनरच (सिलिंडरच्या आतली नळी) घालावा लागेल. हेड उतरवून बोअर मोजायला दहा-पंधरा मिनिटं आणि एक गॅस्केट लागतं. लाल ठिपका नेमकं हेच होऊ नये म्हणून असतो. ज्याने काम खरं केलंय त्याला हेड उघडून दाखवायला अडचण नसते. तो तर आपणहून पोर्ट दाखवतो.

पोर्टिंग खरंच केलेलं होतं, पण ते नसतं तर बरं झालं असतं. एक्झॉस्ट पोर्टची रुंदी बोअरच्या 70 टक्क्यांच्या आत ठेवायची असते, म्हणजे 51 ला साधारण 35.7 मिमी. इथे 39 निघाली. पोर्ट एवढं रुंद झालं की पिस्टनची रिंग त्यात फुगून बाहेर येते आणि परत आत जाताना कडेला अडकते. त्यात कडा तशाच धारदार सोडलेल्या, चँफर नाही (म्हणजे कडा उतरत्या घासलेल्या नाहीत). ग्राइंडरच्या खुणा बोटाला लागत होत्या. टॉर्च लावून सायलेन्सरच्या बाजूने पाहिलं, कडेवरून नख फिरवलं, तरी हे कळतं.

हेडही वेडंवाकडं घासलेलं. स्क्विश म्हणजे पिस्टन वर असताना कडेला पिस्टन आणि हेड यांच्यात उरणारी फट. ती मोजायची रीत सोपी आहे: सोल्डरची तार प्लगच्या भोकातून सिलिंडरच्या भिंतीपर्यंत घालायची, मॅग्नेट (क्रँकच्या टोकाचं चाक) हाताने फिरवून पिस्टन वरून पार करायचा आणि चेपलेल्या टोकाची जाडी मोजायची. तार गजन पिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत घालायची, दोन्ही बाजूंनी. आडवी घातली तर पिस्टन कलतो आणि माप खोटं येतं. अशा इंजिनाला 0.8 ते 1 मिमी हवं, दोन्हीकडे सारखं. इथे एका बाजूला 0.4, दुसऱ्या बाजूला 1.3.

हेड एवढं का घासलं? किक जड लागावी म्हणून. गिऱ्हाईक पाय मारतं आणि म्हणतं, ‘कसलं कॉम्प्रेशन आहे!’ ट्रायलला कॉम्प्रेशन गेजवर 175 पीएसआय (दाबाचं माप) दाखवले होते. टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्ट पोर्ट वर उचललं की कॉम्प्रेशन उशिरा सुरू होतं, त्यामुळे गेजचा आकडा कमी यायला हवा. पोर्टिंग केलंय आणि आकडाही चढलाय, असं दिसलं तर हेड गरजेपेक्षा जास्त घासलंय किंवा प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडलंय. गेज स्वतःचा न्यावा, इंजिन गरम करून, थ्रॉटल पूर्ण उघडून, काटा थांबेपर्यंत किक मारावी. एअर-कूल्ड इंजिनात पंपाच्या पेट्रोलवर 150 च्या फार वर जाऊ नये. ट्रायलच्या टाकीत काय भरलंय तेही सांगता येत नाही. पेट्रोल आपण आणलेलंच घालायला लावावं.

पिकअपचा भास स्प्रॉकेटने दिला होता. पुढची 14 दातांची काढून 13 ची लावली की प्रत्येक गिअरला ओढ साधारण 7-8 टक्के वाढते आणि टॉप स्पीड जवळपास तेवढाच कमी होतो. 50 मीटरच्या ट्रायलला गाडी उडतेय असं वाटतं. 402 मीटरच्या (पाव मैलाच्या) ड्रॅगला ती मध्येच रेव्ह संपवून बसते. ट्रायलआधी दात मोजा.

डायनोचा (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या मशीनचा) कागद म्हणजे मोबाइलवरचा फोटो. तो तपासायला एक गुणाकार पुरतो: टॉर्क किलोग्रॅम-मीटरमध्ये, गुणिले आरपीएम, भागिले 716, म्हणजे हॉर्सपॉवर. फोटोत 7500 आरपीएमला 20 हॉर्सपॉवर आणि तिथेच टॉर्क 1.1. गुणाकार करा: साडेअकरा येतात. कंपनीचं इंजिन 7500 लाच 11 देत होतं.

आता डिसेंबरची गोष्ट. मे मधल्या 42 अंशांपेक्षा 14 अंशांची सकाळची हवा जवळपास 10 टक्के दाट असते. यातली निम्मी तफावत कार्ब (कार्ब्युरेटर) स्वतः भरून काढतो, उरलेली निम्मी जेटने (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या नळीने) भरायची. 100 ची मेन जेट असेल तर 105. विकणाऱ्याने रेस तडतडीत लागावी म्हणून उन्हाळ्यातच जेट काठावर बारीक ठेवलेली, आणि थंडीत बदलायची हे सांगितलंच नाही. भरीला मॅग्नेटच्या बाजूचं ऑइल सील जुनंच होतं, तिथून जादा हवा खेचली जात होती. कार्ब आणि एक्झॉस्ट बंद करून 6 पीएसआय हवा भरली तर मिनिटाला 1 पीएसआयपेक्षा जास्त उतरू नये. इथे काटा टिकतच नव्हता. पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने घासलेला आणि कडेला बारीक खड्डे: मिक्स्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी), वर डेटोनेशन (पेट्रोल वेळेआधी धडाक्याने पेटणं).

ऑइल पंप काढलेला असेल तर पेट्रोलमध्ये लिटरला 40 मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल) घालायचं असतं. हे स्पष्ट विचारून घ्या. इंजिन नंबरवर घासल्याची खूण दिसली किंवा मूळ आरसी दाखवत नसतील, तर किंमत कितीही कमी असो, हात लावू नका. चोरीचा माल घेणाऱ्यावरही गुन्हा होतो. आणि इंजिन खरं निघालं तरी ते विजापूर रोडवर किंवा बायपासवर पळवायचं नाही; त्यासाठी एफएमएससीआयच्या (भारतातल्या मोटरस्पोर्ट्सच्या महासंघाच्या) परवानगीने होणाऱ्या बंद ट्रॅकवरच्या स्पर्धा आहेत.

फसलात तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. पैसे ऑनलाइन देऊन समोरचा गायब झाला असेल तर त्याच दिवशी 1930 ला फोन करा. पावती नसेल तर ‘58 चा बोअर’ लिहिलेले मेसेज जपा. ब्लॉक धुऊ नका, पिस्टन पॉलिश करू नका, नवा लाइनर घालायची घाई करू नका. आधी व्हर्निअर बोअरमध्ये धरून आकडा दिसेल असे फोटो काढा आणि लेथवाल्याकडून मापं लेखी, सही-शिक्क्यासह घ्या.